रिकामी गाडी

"बोल बेटा, काय टाकू?" बंटीने पिकअपखालून विचारलं.

संबोधीने वडिलांकडे पाहिलं. वाल्मिक बाकावर बसून चहा पीत होते. गाडी त्यांची, धंदा त्यांचा, आणि विचारणा मात्र मुलीकडे. त्यालाही कारण होतं. गेल्या काही दिवसांत ते दोन-तीनदा इथे आले होते, याच बाकावर चहा प्यायले होते आणि काहीही न सांगता परत गेले होते. शेवटी बंटीने तिला बँकेत फोन लावला. "तुझे पप्पा, आपले भिया, काही बोलतच नाहीत. तूच येऊन सांग." तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि हातोद रोडवरच्या या गॅरेजात येऊन उभी राहिली.

नाव बंटी असलं तरी गृहस्थाचे केस पांढरे झाले होते. तो सरपटत बाहेर आला आणि हात पुसू लागला. "देख बेटा, मागचे स्प्रिंगचे पाटे थकलेत आणि शॉकअप तर मेलेच आहेत. भियांनी जास्तीचे पाटे टाकून गाडी कडक करून ठेवली होती. वजन असलं की ही गाय, नसलं की घोडं. आता एक तर पुन्हा तशेच कडक पाटे टाकू, म्हणजे आलू-लसूण ठासून भरता येईल. नाहीतर पाटे कमी करू, नवे शॉकअप लावू. मग एकदम नरम चालेल, पण माल अर्धाच. पेट बघायचं की पीठ, पोट की पाठ, ते तुम्ही ठरवा."

"पप्पा?" संबोधी म्हणाली.

"तू म्हणशील ते."

घरात सध्या एवढंच बोलणं उरलं होतं. भाजी काय करू? तू म्हणशील ते. दिवा मालवू? मालव. आई गेल्यापासून बापलेक धर्मशाळेत उतरल्यासारखे राहत होते. संबोधीला रडू येत नव्हतं. फारसं दुःखही होत नव्हतं. राग तेवढा होता, आणि तोही दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखा बधिर झाला होता.

राग त्या दिवसाचा होता. दवाखान्यातून आईला शेवटचं घरी आणलं ते याच पिकअपमधून. घरची गाडी असताना दुसऱ्याची कशाला, असं महूचे मामा म्हणाले. कोणालाच काही सुचत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. संबोधी मागे बसली, आईचं डोकं मांडीवर घेऊन. वाटभर ते डोकं उसळत होतं. दोन्ही हातांनी दाबून धरलं तरी उसळत होतं. तिने केबिनच्या काचेवर थापा मारल्या, "पप्पा, हळू!" म्हणून ओरडली. गाडी तशीच आदळत राहिली. दारात उतरल्यावर सगळ्यांदेखत ती म्हणाली होती, "आलूची बोरी भरली होती का मागे?"

वाल्मिक काही बोलले नव्हते. नंतरही नाही. ज्याच्या मनात खोट असते तोच गप्प बसतो, असं तिने पक्कं धरलं आणि विषय तिथेच मिटला. म्हणजे मिटला नाही, घरात पडून राहिला.

"असं करू," बंटी म्हणाला. "एक चक्कर मारू. मी बाजूने पायी चालत खाली बघतो, काय कुठे आपटतंय ते. भिया चालवतील. तू मागे बस आणि धक्का कसा येतो ते सांग."

"मी मागे बसणार नाही."

आवाज जरा मोठाच लागला. शेजारच्या पंक्चरवाल्याने वळून बघितलं.

वाल्मिकनी कप खाली ठेवला. किल्ली तिच्या हातात दिली, फाळका धरून वर चढले आणि मागे पत्र्यावर मांडी घालून बसले.

गाडी तिला येत होती. याच गाडीवर त्यांनी तिला शिकवलं होतं. आपलं इंदूर झाडलेलं-पुसलेलं, त्यात वाद नाही, पण रस्ते बारा महिने खणलेले. वळणापुढे पाइप टाकून वर नुसती माती लोटलेली होती. संबोधीने पहिला गिअर टाकला आणि तिथेच ठेवला. बंटी शेजारून रमतगमत चालत होता, इतकी हळू. तरी पहिल्याच खड्ड्यात मागे धाडकन आवाज झाला. तिने आरशात पाहिलं. वडील उडाले आणि आदळले. तिने क्लच दाबला, गाडी जवळजवळ थांबवलीच. पुन्हा तेच. त्यांनी कडेचा पत्रा धरला, तरी डोकं केबिनवर आपटलं. ब्रेक, क्लच, ब्रेक. काही केलं तरी मागचा माणूस उसळतच होता.

गॅरेजसमोर गाडी लावून ती धावत मागे गेली. वाल्मिक फाळक्याला धरून सावकाश उतरत होते. कपाळाच्या कडेला लाल झालं होतं.

"जास्तीचे पाटे काढून टाक, बंटी," ते म्हणाले. "नरम कर."

"भिया, सोच लो. धंदा अर्धा होईल."

"होऊ दे. मागे बसून कधी बघितलंच नव्हतं मी."

संबोधीला गलबलून आलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी लागलं होतं. "पप्पा, फार लागलं का?" ती त्यांच्या कपाळाला हात लावत म्हणाली. "आईशप्पथ, मी पहिल्या गिअरच्या वर गेलेच नाही."

"माहीत आहे, बेटा," वाल्मिक म्हणाले. "त्या दिवशी मीपण नव्हतो गेलो."