एक काळी गोटी

मतदानात काळी गोटी एकच पडली होती. बत्तीस पांढऱ्या आणि ती एक. संघाचा विद्यार्थी-अध्यक्ष कार्टर याने लाकडी पेटीचा खण आत सरकवला आणि उमेदवारांच्या यादीतल्या नोलन पेट्रीच्या नावावर काट मारली.

"झालं? एवढंच?" एल्डन रस्क यांनी विचारलं.

कॉलेजातल्या पोरांच्या या बंधुसंघाच्या पाच संस्थापकांतले रस्क आता एकटेच उरले होते. वय त्र्याऐंशी. ओहायोतल्या आपल्या जुन्या कॉलेजात ते आले होते स्थापनादिनाचा केक कापायला, आणि कार्टर त्यांना सकाळपासून मिरवत होता. अडतीस कॉलेजांत शाखा. पांढऱ्या खांबांचं हे तीनमजली घर. दिवाणखान्यात भिंतभर तैलचित्र, त्यात सुटाबुटातले पाच तरुण शेकोटीपाशी उभे राहून संघाची शपथ घेताहेत. त्यातला आपण कोणता, हे काही रस्कना ओळखता आलं नाही. कसली शेकोटी अन् कसले सूट. एकसष्ट वर्षांपूर्वी कॉलेजच्या मेसमध्ये, ताटं घासायच्या मोरीवर, ओल्या अ‍ॅप्रनात घेतली होती ती शपथ. कारण तिथल्या एकाही संघाने त्या पाचांना दाराच्या आत घेतलं नव्हतं.

"एक काळी पडली की नाव बाद, सर. जुना नियम आहे," कार्टर म्हणाला.

"कुणाचा जुना? आमच्याकडे पेटीच नव्हती. जो येईल त्याच्या हातात फडकं द्यायचो."

जमलेल्या पोरांतले एकदोघे हसले. रस्क हसले नाहीत.

"पोराचं चुकलं काय?"

"चुकलं काही नाही हो. चांगला आहे बिचारा. पण मेसमध्ये भांडी घासतो. शनिवारी आम्ही सगळे इथे, आणि हा तिकडे मोरीत. शिवाय अंगाला तो वास. आपल्यात बसत नाही, सर."

रस्क यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हातातली काठी त्या तैलचित्रावर घालावी असं त्यांना वाटलं. पण त्यांनी आवाज चढवला नाही.

"आता माझं नाव घे."

"म्हणजे?"

"मतदानाला. मी उमेदवार. घे लिहून."

पोरांना वाटलं, म्हातारा रंगात आलाय. कार्टरनेही मजेत कोरा फॉर्म ओढला.

"वडील काय करतात?"

"दुसऱ्याच्या शेतावर डुकरं सांभाळतात."

"आणि आपण?"

"मेसमध्ये ताटं घासतो."

हसणं जरा कमी झालं. पेटी फिरू लागली. एकेकाने हात घालून पांढरी गोटी उचलली आणि खणात सोडली. संस्थापकाच्या देखत काळी टाकायची कुणाची छाती होती? शेवटी पेटी रस्क यांच्यापुढे आली. त्यांनी चष्मा पुसला, वाकून एक काळी गोटी शोधली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि खणात टाकली.

"मोज."

"सर, असं कसं? तुम्ही स्वतःच..."

"कुणी टाकली ते विचारायचं नाही, हाही नियम असेल ना? मघाशी त्या पोराला कुणी टाकली, विचारलंस?"

कार्टरने नुसतं पेन उचललं.

"काट मार."

कार्टरचं पेन हलेना. रस्क यांनी ते काढून घेतलं आणि स्वतःच्या नावावर रेघ ओढली. मग कोटाच्या कॉलरवरची संघाची सोन्याची पिन काढली आणि गोट्यांत टाकून दिली.

"सर, तो केक..." मागून कुणीतरी पुटपुटलं.

"खा. आणि ताटल्या आपापल्या घासा."

बाहेर पायऱ्यांवर नोलन पेट्री बसला होता. इस्त्रीचा शर्ट, ओले करून चापून बसवलेले केस. उमेदवाराला निकाल दारातच सांगायची पद्धत, म्हणून दुपारपासून तो तिथेच होता. रस्कना पाहून तो धडपडत उठला.

"सर, माझं...?"

"नाही घेतलं तुला." रस्क काठी टेकत त्याच पायरीवर बसले. "मलाही नाही घेतलं."

हसावं की रडावं, पोराला कळेना. मग तोही शेजारी बसला. साबणाच्या पाण्याने चिरलेली बोटं त्याने गुडघ्यांत दडवली. मागे कुणीतरी आतून दार लावून घेतलं.

"मोरीवर तुझ्याबरोबर," रस्क म्हणाले, "आणखी किती जण असतात रे?"