खांद्यावरचं रफू

अधिकाऱ्याने झगा टेबलावर पसरला. रफूवालीने आधी झग्याचा उजवा खांदा बघितला आणि मगच अधिकाऱ्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

शिवण शाबूत होती. कापडच फाटलं होतं, खांद्यापासून काखेपर्यंत, वेडंवाकडं. कुणी हिसडल्याशिवाय असं फाटत नाही.

"उद्या बाबाजींचा पहिला स्मृतिदिन," अधिकारी म्हणाला. "स्मारकाच्या दालनात हा झगा काचेमागे ठेवायचाय. मंत्री येणार आहेत. टाका दिसता कामा नये, बाई."

"फाटलेला असू दे की, साहेब. वापरातलाच होता."

"वापरून झिजतो. हा फाटलाय." तो हसला. "तुमचा भाऊ कोर्टात दर तारखेला ओरडतो, झगा दाखवा, झगा दाखवा. दाखवतोय आम्ही. सगळ्यांना दाखवतोय."

भाऊ वर्षभर आत होता. सरकारने सांगितलं होतं की धर्मगुरू बाबाजी स्वतःच्या पायांनी पोलिसांच्या गाडीत बसले आणि वाटेत हृदय बंद पडून गेले. भाऊ तेव्हा प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर उभा होता. बाबाजींना खांद्याला धरून फरफटत नेलं, झगा टरकन फाटला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि भेटेल त्याला सांगत सुटला. अफवा पसरवली म्हणून त्याला उचलला.

"झगा धड दिसला की त्याच्या बोलण्यात दम राहत नाही," अधिकारी दाराकडे जाता जाता म्हणाला. "मग त्याला ठेवून तरी काय करायचंय? संध्याकाळी घरी येईल. मी गाडीत बसतो."

भावजय इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी होती. "वन्सं, सुई घ्या हातात."

"येईल आणि माझं तोंड बघणार नाही तो."

"माझं बघतील ना. येऊन शिव्या घालू देत दोघींना. पण घरात बसून घालू देत."

रफूवालीने झगा उलटा केला. रफूला बाहेरचा धागा चालत नाही, त्याच कापडातला लागतो. तिने खालची दुमड उसवली. तिथले बरेच धागे तिनेच पूर्वी काढले होते, कोपरांसाठी. बाबाजी स्वतः झगा खांद्यावर टाकून दुकानात यायचे. "कोपरं गेली पुन्हा," म्हणायचे. "बाकीच्या धर्मगुरूंचे गुडघे झिजतात. माझं सगळं पोलीस ठाण्याच्या टेबलावर." कुणाचं पोर उचललं की ते ठाण्यात जाऊन टेबलावर कोपरं रोवून बसत. आईला पोर दाखवल्याशिवाय उठत नसत.

प्रार्थनाघरातलं सगळं हात वर करून ठरायचं. एकदा गालिचा घ्यावा असं बाबाजींच्या मनात होतं. लोकांनी नको म्हटलं. "हरलो बुवा," म्हणाले आणि त्या गार फरशीवर सगळ्यांत पुढे जाऊन बसले. मग मागे वळून म्हणाले, "वरच्यांनाही मी एवढंच सांगतोय. हरलं की खाली बसायचं असतं." निवडणूक उलटी गेली तरी खुर्ची न सोडणाऱ्यांना ते चांगलंच झोंबलं. त्याच आठवड्यात गाडी आली.

धागा ओवताना रफूवालीने मनाशी ठरवलं. प्रत्येक धागा किंचित ओढून घ्यायचा. आज काही दिसणार नाही. पण आठ-पंधरा दिवसांत कापड ताण घेईल, काचेमागे खांद्यावर चुणी पडेल, बघणाऱ्याला विचारावंसं वाटेल. तोवर भाऊ घरात असेल. भावजयीला ती काही बोलली नाही.

ती खाली वाकली. एक धागा वरून, एक खालून. फाटलेल्या कडा जवळ येत गेल्या. हात रोजच्या वळणाने चालत होते. एका जागी वीण जरा विरळ वाटली, तशी तिने ती उसवून पुन्हा भरली. उन्हाची तिरीप टेबलावरून सरकून भिंतीवर गेली.

शेवटचा धागा दातांनी तोडून तिने खांद्यावर तळवा फिरवला, आणि हात तिथेच थांबला. कापड सपाट होतं. ताण कुठेच नव्हता. कामाच्या नादात ती धागा ओढायचं साफ विसरली होती.

तिने कात्रीकडे हात नेला. कात्रीवर भावजयीचा हात होता.

"दोनच धागे काढते."

"झालंय ते, वन्सं."

"अगं, दोनच."

"झालंय."

अधिकारी दारात आलाच होता. त्याने झगा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, बोट फिरवलं. "कुठे होतं हो?"

रफूवालीने दाखवलं. "इथे. नाही, जरा खाली."

"तुम्हालाच सापडेना की." त्याने खूश होऊन फोन लावला. "हो, झालं. द्या त्याच्याकडे." आणि फोन तिच्या कानाशी धरला.

"ताई?" भावाचा आवाज घोगरा झाला होता. "सोडतायत गं मला. माफी नाही, सही नाही, काही नाही. मी म्हणत होतो ना, झगा एकदा बाहेर काढा, मग माझी साक्षही नको. बघितला वाटतं शेवटी कुणीतरी."

अधिकारी एका हाताने झग्याची घडी घालायला लागला. ते जमेना, तेव्हा भावजय पुढे झाली आणि तिने दुसरं टोक धरलं.

"ताई, ऐकतेस ना? बघितला ना त्यांनी?"

"हो," रफूवाली म्हणाली. "उजेडात धरून बघितला."