मोअर डार्कर

"प्रियदर्शनी इज मोअर डार्कर दॅन अनुजा."

विजयसिंह सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, खाली रेघ ओढली आणि वर्गाकडं वळले. राजारामपुरीतल्या त्या बँक भरतीच्या क्लासात खसखस पिकली. ज्यांची नावं फळ्यावर होती त्या दोघी पहिल्याच बाकावर खेटून बसल्या होत्या. एका खोलीत राहायच्या, एकाच डब्यात जेवायच्या.

"उठा दोघीबी, पुढं या. उदाहरण डोळ्यांनी बघितलं की जन्मात चुकत न्हाय."

दोघी फळ्यापाशी गेल्या. सरांनी त्यांची मनगटं धरली आणि दुकानात कापडाचे तागे जुळवून बघावेत तशी शेजारी शेजारी लावली. सरांची बोटं घामानं ओली होती, त्यात खडूचा लगदा. अनुजाला किळस आली.

"वाक्यात चूक कुठं हाय? अनुजा, तूच सांग."

उत्तर सोपं होतं. डार्करच्या आधी मोअर लागत नाही, तेवढं पुसायचं. पण उरलेलं वाक्य तिला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागणार होतं, आणि सर त्याला शाबासकी देणार होते. तिनं प्रियदर्शनीकडं बघितलं. ती खिडकीबाहेर नजर लावून उभी होती, हे सगळं सवयीचं असल्यासारखी.

"सांग की! दातखीळ बसली का?" सरांनी मनगट दाबलं.

अनुजानं हात मागं ओढून बघितला, सुटला नाही.

"सर, दोघींत कंपॅरेटिव्ह झालं," ती मोठ्यानं म्हणाली. "आता तुमचाबी हात ठेवा की हितं. तिघं झाली की सुपरलेटिव्ह व्हईल. विजयसिंह सर इज द डार्केस्ट!"

वर्गात हशा उसळला. पोरांनी बाकं बडवली, मागून कुणीतरी शिट्टी मारली. सरांनी दोन्ही मनगटं झटक्यात सोडली. त्यांचा सावळा चेहरा आणखी काळवंडला.

"बाहेर व्हा दोघीबी," ते कसंबसं म्हणाले.

जिना उतरताना अनुजाला हसू आवरत नव्हतं. "कशी जिरवली! बघितलंस न्हवं तोंड त्येचं?"

प्रियदर्शनी ओढणीनं मनगट खसाखसा पुसत होती.

"जिरवलीस की," ती म्हणाली. "पर त्येला खाली बघाय लावायला तुलाबी माझाच रंग घावला व्हय?"

अनुजाचं हसू जागच्या जागी विरलं. प्रियदर्शनी थांबली नाही.

बाहेर कडकडीत ऊन होतं. रोजच्यासारखा अनुजाचा हात सॅकमध्ये गेला आणि तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ तिनं ओढून काढला. अर्धा बाहेर आलेला तो स्कार्फ मुठीत धरून ती दारातच उभी राहिली. प्रियदर्शनी उघड्या चेहऱ्यानं, भर उन्हातून, रस्ता ओलांडून गेली होती.