सरदाराचा बाप्तिस्मा

सगळ्यांसारखा तान्हेपणी नव्हे, तर मोठेपणी, आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतो म्हणून राजा आम्हाला नदीत बुडवून मारायचा. मोराव्हिया प्रांतात सरदार ऑसवाल्डने आसरा दिला, म्हणून तर जगलो. त्या रविवारी आम्ही त्याच्या गोठ्यात प्रार्थनेला जमलो असताना तोच धापा टाकत आत शिरला.

"आपोलोनियाबाई, मलाही बाप्तिस्मा द्या! आत्ताच!"

आम्हाला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. कुंभारीण आपोलोनियाने दूध काढायची बादली पाण्याने भरली.

"आधी तलवार ठेवा, सरकार. आमच्यात कुणी शस्त्र धरत नाही की कुणावर हुकूम सोडत नाही."

त्याने तलवार गवतात भिरकावली आणि एकदम दचकला.

"अहो, पण उद्या राजाचे शिपाई आले तर तुम्हाला वाचवणार कोण?"

आपोलोनियाने हसत हसत अख्खी बादली त्याच्या डोक्यावर ओतली.

"आम्हाला कुणीच नाही. आता तुलाही कुणी नाही, ऑसवाल्ड. ये, बस आमच्यात."