नाल्यावरचा बाजार

"आणि त्याच्याही आधी इथं काय होतं, बाबा?" त्या माणसानं मोबाइल रतिलालशेठच्या तोंडाजवळ धरला.

शेठ खुलले. पन्नास वर्षं नंदुरबारच्या याच गल्लीत त्यांनी कापड विकलं होतं. मुलानं दुकान बायपासला नेलं, तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आज सकाळी हा भला माणूस एका सोबत्याला घेऊन घरी आला. जुन्या बाजाराचा इतिहास लिहायचाय, म्हणाला.

"आठे नाला व्हता, उघडा," शेठनी काठीनं दाखवलं. "त्याना काठवर लोके बैलगाड्या सोडेत. लगीनना बस्ता बांधाले गावनं गाव ये."

"म्हणजे ही उजव्या हाताची दुकानं नंतरची?"

"बहात्तरना दुष्काळ सरना, त्यानानंतर. पहिले नालावर फळ्या टाक्यात. मंग हळूहळू भिंती उभ्या ऱ्हायन्यात."

"कुणी कुणी टाकल्या?"

शेठ एकेक नाव सांगत निघाले. कुणाच्या बापानं कुठून लाकूड आणलं, कुणाच्या ओट्यावर पहिला रेडिओ वाजला, सगळं जिभेवर होतं. माणूस मान डोलवत होता. मागून त्याचा सोबती काय करतोय, हे बघायला शेठ वळलेच नाहीत. काठीसुद्धा त्यांना आज जड वाटत नव्हती.

तुळशीबाईच्या बांगड्यांच्या दुकानाशी ते थांबले. "गल्लीमा पहिलं काचनं कपाट हिना मालकनी आनं," शेठ कौतुकानं म्हणाले.

तुळशीबाई पायरी उतरून खाली आली. "रतिलालभाऊ," ती हळूच म्हणाली, "मांगे देखा."

शेठ वळले. उजव्या हाताच्या प्रत्येक भिंतीवर लाल रंगाचा आकडा होता. रंग अजून ओघळत होता. प्रत्येक आकड्याखाली एकेक दुकानदार उभा होता. मगन शिंप्याच्या हातात कात्री तशीच होती. सगळे शेठकडे बघत होते.

"आणि हे पुढचं कुणाचं?" माणसानं विचारलं.

पुढचं दुकान भिलाचं. त्याच्या बापानं नाल्यावर फळी टाकली, तेव्हा तिचं दुसरं टोक शेठनीच धरलं होतं.

"माले याद नही," शेठ म्हणाले.

"असू द्या. एवढं पुष्कळ झालं." माणसानं मोबाइल खिशात टाकला आणि नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागाचा एक कागद पुढे केला. "सही येते ना, बाबा?"