शंभरावा

वादळात दगावलेल्यांची खात्री करत बातमीदार दारोदार चिखल तुडवत होता. मथळा डोक्यात कधीच तयार होता: बरोब्बर शंभर बळी. शेवटच्या घराचं दार मयतानंच उघडलं. “अरेरे!” बातमीदाराच्या तोंडून निघून गेलं. “माफ करा साहेब, मरायचं तेवढं राहून गेलं,” तो हसत म्हणाला. त्याची बायको ओली खुर्ची पुसत म्हणाली, “ह्यांचं ओळखपत्र शर्टाच्या खिशात राहिलं होतं. शर्ट ह्यांनी एका परक्या माणसाला दिला, बिचारा कुडकुडत होता. तो बुडून गेला आणि सगळ्यांनी ह्यांनाच मेलेलं धरलं.” बातमीदाराची कळी खुलली. “म्हणजे शंभर पक्के!” बोलला आणि लाजेनं त्याचेच कान तापले. “नाव काय त्याचं?” त्यानं घाईघाईनं विचारलं. “आम्हाला कुठं ठाऊक?” बाई म्हणाली. “तुम्ही तेच शोधत आलात असं वाटलं आम्हाला.”