शुद्धिपत्र

"तुमच्या मौनीबुवांनी हा डाव जिंकलाच नाही. समोरचा घाबरून हरला," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि फोन पटाशेजारी ठेवला.

रविवारी त्यांचा दवाखाना बंद असे. मग रुग्णांच्या बाकांवर बुद्धिबळाचे तिघे दर्दी जमत: बाई स्वतः, निवृत्त बसड्रायव्हर आणि जुळारीकाका. काकांनी छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. मौनीबुवा म्हणजे माजी विश्वविजेता. पटावर बसला की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, म्हणून या तिघांनी त्याचं ठेवलेलं नाव. पुढच्या आठवड्यात त्याची साठी होती. बुद्धिबळ मंडळाच्या विशेषांकासाठी बाई त्याच्यावर लेख लिहीत होत्या आणि तो संध्याकाळी द्यायचा होता.

"विश्वविजेत्याला घाबरणार नाही तर काय तुम्हाला घाबरणार?" ड्रायव्हरची कानशिलं तापली होती.

"मला तर लोक रोजच घाबरतात. मी खोटं लिहू का, सांगा. बुवांच्या पुस्तकात शेवटची खेळी हत्ती तिसऱ्या घरात. भित्री खेळी. फोन म्हणतो, डाव बरोबरीचा. आणि समोरच्यानं तिथंच हात टेकले. वर बुवा लिहितात, 'हा माझा सर्वांत लाडका डाव.' एवढा कसला गर्व?"

दार लावून खेळलेला तो सरावाचा डाव. त्याची नोंद बुवांच्या पुस्तकाखेरीज जगात कुठंही नव्हती.

आणि ते पुस्तक काकांच्या हातचं होतं. तीस वर्षांपूर्वी बुवांच्या हस्तलिखितावरून त्यांनी एकट्यानं जुळवलेलं. कुणी नवखा भेटला की काका पहिल्या पाच मिनिटांत ते पुढं करत. "सगळे आकडेच आकडे. पण शुद्धिपत्र लागलं नाही हो याला." ड्रायव्हरनं हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की काका खोकले तरी तो म्हणे, "लागलं नाही, माहीत आहे."

काकांनी पुस्तक ओढून घेतलं. पान सत्त्याऐंशी. चष्मा काढून त्यांनी शेवटची ओळ डोळ्यांजवळ धरली. हत्ती, ई, तीन.

त्यांचा अंगठा तर्जनीवर घासू लागला. खिळा हातात घेतल्यासारखा.

शिशाच्या खिळ्यावर सगळं उलटं असतं. तीनचा खिळा हुबेहूब सहासारखा दिसतो आणि सहाचा तीनसारखा. हाताखाली नवा माणूस आला की काका त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवत, आणि दुसऱ्या दिवशी तो चुकला की टपली मारत. हस्तलिखितात सहा, हातात सहासारखा दिसणारा खिळा, आणि कागदावर तीन. चूक करावी ती तरी कसली, पहिल्या दिवसाची.

कुणाला कधीच कळलं नसतं. छापखाना बंद झाला होता, खिळे वितळवून झाले होते, हस्तलिखिताचाही पत्ता नव्हता. मूग गिळून बसायला काहीच लागत नव्हतं. काकांना ते अगदी स्वच्छ दिसलं, आणि आपल्याला दिसलं याची लाजही वाटली.

"बाई, हत्ती सहाव्या घरात ठेवून बघा."

"सहाव्या? काका, तिथं तो फुकट मारला जाईल."

"ठेवा तर खरं."

बाईंनी फोनवर हत्ती सरकवला. मग त्यांनी पटावरचा हत्ती उचलून सहाव्या घरात ठेवला. रुग्णाच्या तोंडात आरसा घालावा तितक्या जपून.

"मारला तरी मात," त्या हळूच म्हणाल्या. "नाही मारला तरी मात. ही खेळी मला शंभर वर्षांत सुचली नसती."

ड्रायव्हर उभाच राहिला. काय करावं ते न सुचून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"पण पुस्तकात तर..." बाईंनी काकांकडं पाहिलं आणि थांबल्या.

"खिळा उलटा वाचला मी," काका म्हणाले. "चूक माझी. त्यांची नाही."

ड्रायव्हर म्हणाला, "पण बुवांनी पुस्तक पाहिलं असेलच की. त्यांना ही चूक दिसली नसेल होय?"

"दिसली असणार. त्यांचा लाडका डाव तो," काका म्हणाले. "तीस वर्षं एका शब्दानं बोलले नाहीत." असल्या माणसाचं पुस्तक आपल्या हातून घडलं, या विचारानं त्यांची छाती भरून आली होती. चुकीचं दुःख तिच्यात कुठल्या कुठं बुडून गेलं.

"लेखात मी नुसतं 'मुद्रणदोष' म्हणते," बाई म्हणाल्या. "कुणाचा, ते कशाला लिहायचं?"

"तसं नको. कागद द्या."

बाईंनी औषधं लिहायच्या वहीतला एक कागद फाडून दिला. काकांनी तो पुस्तकाच्या मापाला दुमडला आणि छापल्यासारख्या अक्षरात, सावकाश लिहिलं:

शुद्धिपत्र. पृष्ठ ८७, शेवटची ओळ: '३' ऐवजी '६' वाचावे.

"हे आहे असं छापा," ते म्हणाले. मग कागद पुन्हा आपल्याकडं ओढला.

शुद्धिपत्रावर जुळाऱ्याचं नाव घालायची पद्धत नसते. काकांनी खाली एक रेघ मारली आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.